निर्मलला नेलेले घड्याळ

भालकीहून निर्मलला जायला मला सरळ गाडी मिळाली नाही. कमलनगर, उदगीर, देगलूर, बोधन, निजामाबाद असे टप्पे घेत निघाले. पहिला कंडक्टर कन्नड बोलणारा, मधले मराठी, शेवटचा तेलुगू. सुट्ट्या पैशांवरून मात्र सगळे सारख्याच सुरात चिडत होते. कमलनगरपर्यंत शक्ती योजनेमुळे प्रवास फुकट, महाराष्ट्रात बायकांना अर्धे तिकीट आणि तेलंगणात तिथले आधारकार्ड नसल्यामुळे पूर्ण. सीमेवर राहणाऱ्या बाईला तीन सरकारे कशी दिसतात, ते एका दिवसाच्या तिकिटांत कळते.

पर्समध्ये आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले एक घड्याळ होते. मराठीत घड्याळ, आपल्या कन्नडमध्ये गडियार, पलीकडे तेलुगूत गडियारम्. शब्द इतके जवळचे, पण आमच्या घरातल्या दोन बायका या एका घड्याळापायी सदतीस वर्षे एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एक माझी आई, दुसरी माझी आत्या. ही हकीकत २०२५ च्या जानेवारीतली.

आधी मागचे सांगायला हवे. अप्पा निर्मलला एका जिनिंगमध्ये मुनीम होते. कापसाच्या हंगामात ते तिकडेच, आत्याच्या घरी राहायचे. १९८७ च्या दिवाळीला घरी येऊन ते परत गेले आणि डिसेंबरात तिथेच हृदयविकाराने वारले. मी तेव्हा नववीत होते. दिवस झाल्यावर आत्या आणि मामा त्यांची ट्रंक घेऊन आले. तीत दोन धोतरे, चष्मा, हिशेबाची वही आणि घड्याळ. आईने घड्याळ हातात घेतले, उजेडाला धरले आणि म्हणाली, "इदु अवर गडियार अल्ल." हे त्यांचे घड्याळ नव्हे. राग आला की आई माहेरच्या भाषेवर जाते.

अप्पांचे घड्याळ एचएमटी जनता. पांढरी तबकडी आणि तिच्यावर देवनागरीत 'जनता' हा शब्द. आईचे माहेर कन्नड, शाळा दुसरीपर्यंतच, तीही कन्नड. लग्न होऊन आल्यावर अप्पांनी तिला देवनागरी अक्षरे शिकवली ती या तबकडीवरून. ज, न, त. पाटीवर 'अ' गिरवण्याच्या आधी तिला 'जनता' वाचता येत होते. आणि ट्रंकेतून निघालेल्या घड्याळावर तो शब्द इंग्रजीत होता. तबकडी नव्यासारखी चकचकीत होती. त्यात आत्याच्या मुलाच्या मनगटावर त्या दिवशी तसलेच, जुने दिसणारे घड्याळ होते. आईने त्याच्या हाताकडे एकदा पाहिले, एवढेच. बोलली काही नाही. पण आत्याने ते पाहणे पाहिले. त्या दिवशी ती पाणीही न पिता उठली.

आज विचार केला तर त्या मुलाच्या हातात तसले घड्याळ असणे यात नवल काहीच नव्हते. त्या काळात ते कोणाच्या हातात नव्हते? बंगळूरच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन अशी नावे घराघरांत गेली. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला घड्याळ, जावयाला घड्याळ, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना घड्याळ, आणि बहुतेक वेळा ते एचएमटीच. तुमकूरलाही कारखाना होता, त्यामुळे आपल्या कर्नाटकातल्या घरांना त्याचा थोडा जास्तच अभिमान. पुढे टायटनची सेलवर चालणारी घड्याळे आली (तीही १९८७ पासूनच) आणि रोज सकाळी चावी देणे जुनाट वाटू लागले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, आणि गंमत अशी की कारखाने बंद पडल्यावर लोकांना त्या घड्याळांचे प्रेम आले.

माझा मुलगा बेंगळुरूला असतो. त्यालाही हे वेड आहे. जालहळ्ळीतले एचएमटीचे संग्रहालय तो दोनदा बघून आला. मागच्या दिवाळीला त्याने आजोबांचे घड्याळ कपाटातून काढले, भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, "आई, हे ओरिजिनल नाही."

मग त्याने मला शिकवणीच दिली. जुन्या घड्याळाची किंमत मुख्यतः तबकडीत असते, म्हणाला. जगभरच्या शौकिनांना डागाळलेली, पिवळी पडलेली पण कारखान्यातून आली तशी तबकडी हवी असते. रंगवून नवी केलेली तबकडी ओळखायची कशी? अक्षरांच्या कडा बघायच्या. कारखान्याचा छाप भिंगाखालीही रेखीव राहतो, रंगवलेल्याची शाई पसरलेली दिसते. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर नेमक्या येतात की किंचित सरकतात, ते बघायचे. काटे ज्या भोकातून वर येतात त्याच्या काठावर रंग साचला आहे का, सहाच्या आकड्याखालची बारीक अक्षरे आहेत की गायब, हेही बघायचे. मग काटे त्याच मॉडेलचे आहेत का, चावी बदलली आहे का, पॉलिश करून करून केसच्या कडा गोल झाल्या आहेत का. काच बदललेली असली तर मनावर घ्यायचे नाही, ती बदलतेच. बाजारात लाल, हिरव्या, जांभळ्या तबकड्यांची 'जुनी' एचएमटी ढिगाने मिळतात. तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करायचे, वर भडक रंग द्यायचा आणि दुर्मीळ म्हणून विकायचे. आपल्या घड्याळात मिनिटांच्या रेघा तीन वाजण्याच्या बाजूला सरकल्या होत्या. मलाही दिसल्या.

हे सगळे आम्ही हळू बोलत होतो. पण आईचे कान अजून तीक्ष्ण आहेत. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी काय म्हणत होते तेव्हा?"

मुलगा बोलला तबकडीविषयी. आईने ऐकले नणंदेविषयी. एकाच शब्दाचे दोन अर्थ घरात असे समोरासमोर उभे राहिले, आणि मला वाटले की आता हे तडीस न्यावे. आईला चौऱ्याऐंशी सरली होती, आत्या ऐंशीच्या घरात. अप्पा जिथे गेले तिथे, शक्य असेल तर त्या वेळच्या एखाद्या घड्याळजीला, हे घड्याळ दाखवावे. नसेल कोणी तर निदान आत्याला भेटून यावे.

आर्मूर सोडले की हमरस्ता गोदावरीवर येतो. सोनजवळचा पूल ओलांडला की निर्मल आलेच. हा हैदराबाद-नागपूर रस्ता, आताचा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल स्वतंत्र जिल्हा आहे, पण दुकानांच्या जुन्या पाट्यांवर अजून 'जिल्हा आदिलाबाद' वाचायला मिळते. गावाला किल्ल्यांचे अवशेष आहेत, श्यामगढ आणि बत्तीसगढ; फ्रेंच कारागिरांच्या मदतीने ते बांधल्याचे सांगतात. रामजी गोंड आणि त्याच्या साथीदारांना १८६० मध्ये इंग्रजांनी इथे ज्या वडाला फाशी दिले, तो हजार फाशांचा वड आता उभा नाही. लोक त्याची जागा दाखवतात.

बाजारात मराठी कानावर पडते. भैंसा, मुधोळकडची माणसे इथे कामाला येतात. १९५६ पर्यंत आपला बिदर, नांदेड आणि हे आदिलाबाद, सगळे एकाच हैदराबाद राज्यातले. मग बिदर म्हैसूर राज्यात गेले, आदिलाबाद आंध्रात, आणि आदिलाबादमधले किनवट, राजुरा मुंबई राज्यात. आत्याची सोयरीक ठरली तेव्हा आमच्या आजोबांना मुलगी परमुलखात दिली असे वाटले नव्हते. जुनी ये-जा होतीच. घड्याळाच्या प्रकरणानंतर मात्र निर्मल फार लांब गेले.

आत्याने दार उघडले. ओळखायला तिला क्षणभर लागला. पहिला प्रश्न, "वहिनी कशी हाय?"

चहा झाल्यावर मी लुगड्याची घडी सोडली. आत्याने घड्याळाला हात लावला नाही. "बघ पोरी," ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या मनगटावरनं हे मी काढलं. माझ्या हातानं. अंग गार पडलं होतं आणि हे चालूच होतं. त्याच्यावर काय लिहिलंय, कोणत्या भाषेत लिहिलंय, ते तेव्हा कोण वाचतं?" थोडा वेळ गेला. "माझ्या पोराचं घड्याळ त्याच्या सासऱ्यानं दिलेलं. सांगितलं असतं मी. पण विचारलंच नाही कुणी. नुसतं बघितलं."

यावर मी काय बोलणार? मी म्हटले, "आत्या, अप्पा घड्याळ दुरुस्तीला कुठे टाकायचे?"

दुसऱ्या दिवशी तिच्या नातवाबरोबर बाजारात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पुढे मोबाईलची कव्हरे, चार्जर आणि सेल; तो धंदा मुलाचा. कोपऱ्यात काचेची एक छोटी पेटी आणि तिच्यामागे पंचाहत्तरी ओलांडलेले घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावण्याच्या सवयीने त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू कायम आवळलेली. तेलुगू, दखनी आणि वेळेला मराठी, तिन्ही एकाच वाक्यात. मी त्यांना काहीच सांगितले नाही. घड्याळ पुढे ठेवले आणि म्हटले, खरे आहे का बघा.

त्यांनी आधी कानाला लावले. मग चावी दोन वेढे फिरवून पुन्हा कानाला. मग तबकडीकडे एक नजर. "डायल बाद का है. मशीन अच्छा है." हे सांगायला त्यांना माझ्या मुलाइतका वेळ लागला नाही. मग त्यांनी झाकण उघडले, आतल्या बाजूवर भिंग नेले आणि गप्प झाले.

झाकणाच्या आत, पिनेने कोरल्यासारख्या चार बारीक नोंदी होत्या. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, वाचकांपैकी अनेकांना नसेल. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आत तारीख आणि आपली खूण कोरून ठेवत. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी भांडायला आले तर काम आपले की दुसऱ्याचे, हे कळावे म्हणून. वरच्या तीन खुणा त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या. बिदरकडच्या कोणाच्या असतील. चौथीत एक तेलुगू अक्षर, पुढे ९-११-८७, आणि तारखेभोवती गोल.

"ये मेरा हाथ है," ते म्हणाले.

अक्षर त्यांच्या वडिलांच्या नावाचे, दुकानाची खूण म्हणून. आणि तारखेभोवतीचा गोल म्हणजे तबकडी रंगवायला हैदराबादला पाठवली. तिकडे छापे तयार असायचे, जे जास्त चालते त्याचे. देवनागरीचा छापा सापडला नसेल, इंग्रजी मारून दिला. गिऱ्हाईक कुरकुरले असेल, पण घड्याळ चालते म्हणून घेऊन गेले असेल. अप्पांचा चेहरा काही त्यांना आठवला नाही. सदतीस वर्षांत हजारो मनगटे झाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. मी घड्याळ उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी थांबवले. "झाकण फिरवता येतं बाई," ते मराठीत म्हणाले. "झाकण एकाचं, मशीन दुसऱ्याचं. असं रोज होतं." आपलीच खूण सापडल्यावर दुसरा एखादा खूश होऊन पैसे मागता. हे गृहस्थ स्वतःच्या साक्षीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्यांनी काटे काढले, यंत्र बाहेर घेतले, तबकडी सोडवली आणि सगळे भाग पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले.

मग चिमट्याने एकेक दाखवत गेले. यंत्राच्या तबकडीकडच्या बाजूवर, तीनच्या म्हणजे चावीच्या अंगाला, एक तपकिरी डाग. केसच्या आत, चावीच्या भोकाजवळ, तसाच डाग आणि बारीक खड्डे. तबकडीच्या मागच्या पितळेवर तीनच्याच बाजूला हिरवट वर्तुळ. आणि झाकणावर, नोंदींच्या शेजारी, त्याच बाजूला चढलेली गंजाची कड. चारही भाग एकमेकांवर ठेवले की डागाचा आकार एका रेषेत येत होता. पाणी चावीतून शिरले आणि चारही भागांवर एकाच वेळी, एकाच बाजूने पसरले. "तबकडीचे पायही शाबूत आहेत," त्यांनी दाखवले. मागचे ते दोन बारीक खिळे, ज्यांनी तबकडी यंत्रावर बसते. दुसऱ्या जातीच्या घड्याळाची तबकडी बसवायची तर ते कापून गोंदाने चिकटवावी लागते. इथे तसे काही नव्हते. तबकडी जुनीच, फक्त रंग नवा. अगदी काठावर, केसच्या ओठाखाली जिथे रंगवणाऱ्याचा हात पोचला नव्हता, तिथे जुन्या पांढऱ्याची केसाएवढी कड उरली होती. त्या कडेवर अक्षर नव्हते. 'जनता' पुसली गेली ती गेलीच.

मी मुलाला फोन लावून हे सांगितले. तो म्हणाला, आत कोरलेल्या नोंदी, गंज, रंगवलेली तबकडी, यातल्या प्रत्येक गोष्टीने किंमत कमी होते. मी ते घड्याळजींना सांगितले. ते हसले. "बेचना है तो कम होता है. पहचानना है तो यही चाहिए."

आणखी एक विचारले. देवनागरी 'जनता' लिहिलेली जुनी तबकडी आता शोधली तर मिळेल, ती यात बसवाल का? बसवेन की, म्हणाले, दहा मिनिटांचे काम. "पर वो किसी और का जनता होगा, अम्मा." मग नको म्हटले. त्यांनी यंत्र धुऊन तेल घातले, दीडशे रुपये घेतले, आणि चार नोंदींखाली पाचवी कोरली. घड्याळ रोज तीन-चार मिनिटे पुढे जाईल हेही सांगितले.

घरी येऊन आत्याला डागांचे सांगितले तेव्हा ती एकदम म्हणाली, "बासर!" त्या कार्तिकात अप्पा तिला घेऊन बासरला गेले होते. सरस्वतीचे दर्शन, त्याआधी गोदावरीत स्नान. घड्याळ काढायचे राहिले. "पाण्यातनं हात वर करून बघतच राहिला. म्हणाला, हिला सांगू नको, ओरडंल." हिला म्हणजे माझ्या आईला. सदतीस वर्षांत ही गोष्ट आत्याला आठवली नव्हती असे नाही. तिचा घड्याळाशी संबंध आहे, हेच तिला कधी जाणवले नव्हते.

निघण्याच्या दिवशी सकाळी गाडीला वेळ होता म्हणून कलानगरला चक्कर मारली. निर्मलची खेळणी करणाऱ्या कारागिरांची ही वसाहत. पोणिकी नावाचे मऊ, हलके लाकूड कोरतात, चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधे भरतात, मातीचा हात देऊन घोटतात आणि मग रंग. आंबा असा की वास घेऊन बघावा. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, तरी नक्कल होतेच. ओळखायचे कसे, मी विचारले. आता मला ती सवयच लागली होती. कारागिराने एक पोपट माझ्या तळहातावर ठेवला. इतका हलका की हात आपोआप वर गेला. आत्याने आईसाठी एक सीताफळ घेतले. देताना म्हणाली, "तिला म्हणावं, हे खोटंच हाय. खाऊ नको."

भालकीला आल्यावर आईला मोबाईलवर झाकणाच्या आतला फोटो मोठा करून दाखवला. तिने चष्मा सारखा केला. मी वाचून दाखवणार, तोच ती म्हणाली, "र." तेलुगू र आणि कन्नड र यांत फरक तो किती! "र. नऊ, अकरा, सत्याऐंशी." मग मी डागांचे सांगितले, बासरचे सांगितले. अप्पा काय म्हणाले तेही सांगितले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ओरडले नसते मी." आणि थोड्या वेळाने, "फोन लाव तिला."

लावला. पलीकडून आत्याचे 'हॅलो' आले आणि मग कोणीच काही बोलेना. मला वाटले रेंज गेली. शेवटी आईने विचारले, "गुडघे कसे आहेत?" तिथून पुढे चाळीस मिनिटे गुडघे, साखर, सुना आणि कोणाकोणाची लग्ने झाली ते चालले. घड्याळाचे नाव दोघींनी काढले नाही.

ते आता आईच्या उशाशी असते. सीताफळ शेजारी. रोज सकाळी ती चावी देते आणि रेडिओच्या बातम्या लागल्या की काटे तीन-चार मिनिटे मागे घेते.